मुलगा डिफेन्समध्ये आहे

माझा व्यवसाय काय होता हे सांगितलं की मराठी माणूस आधी माझ्या दातांकडे बघतो, मग गुडघ्यांकडे, आणि मग, हा चेष्टा तर करत नाही ना अशा शंकेने, माझ्या बायकोकडे. बायको मान डोलावते. "खरंय," म्हणते. मग प्रश्न येतो, "म्हणजे आपलं हॉकीच, पण बर्फावर?" मी हो म्हणतो. "आणि हे नोकरी म्हणून?" मी पुन्हा हो म्हणतो, पण जरा हळू.

या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी हृदयाच्या झडपा बदलल्याच्या गोष्टी लिहितं, कुणी पूल बांधल्याच्या. यंदा संपादकबाईंनी मला गाठलं. "गोळे, तुम्ही लिहा. तुमचा धंदा वेगळा आहे." मी म्हटलं, "बाई, माझा धंदा मला स्वतःलाच कधी नीट कळला नाही." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." तेव्हा पुढे जो गोंधळ आहे, त्यातला अर्धा त्यांच्या खात्यावर.

ऐंशीच्या दशकातली जवळजवळ सगळी वर्षं मी आइस हॉकीत डिफेन्समन होतो. टीव्हीवर दिसते त्या वरच्या लीगमध्ये नव्हे, तिच्या खालच्या. वरचे लोक विमानाने जात, आम्ही बसने. बसच्या मागच्या भागात ओले हातमोजे वाळत टाकलेले असत. त्या वासात ज्याला झोप लागली त्याला पुढे आयुष्यात कुठेही लागते. मला आजही लागते, व्याख्यानात तर हमखास.

मूळचा मी वर्ध्याचा. नऊ वर्षांचा असताना बाबांना मिनेसोटात नोकरी लागली आणि आम्ही चाळिसाच्या वरून थेट शून्याच्या खाली आलो. मधलं तापमान मला माहीतच नव्हतं. तिथे शेजारचे लोक हिवाळ्यात परसात पाण्याचा पाइप सोडून बर्फाचं अंगण करत आणि पोरांना त्यावर सोडून देत. वर्ध्यात नळ उघडा राहिला म्हणून ज्यांनी मला धपाटे घातले होते, तेच बाबा अंगणात उभे राहून तासभर पाणी ओतत होते. मी विचारलं, "बाबा, पाणी वाया नाही का जात?" ते म्हणाले, "काय माहीत बापा. इथं असंच करतात म्हणे." आमच्या घराचं अमेरिकेविषयीचं सगळं धोरण या एका वाक्यात आलं.

आता खेळ. चेंडू नसतो, चकती असते. काळ्या रबराची, आकाराने बालूशाहीएवढी. सामन्याआधी ती फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे उड्या मारत नाही. तेव्हा गोठवून दगड झालेली बालूशाही आपल्या दिशेने मोटारीच्या वेगाने येते आहे अशी कल्पना करा. शहाणा माणूस बाजूला होतो. डिफेन्समनला मध्ये उभं राहायचा पगार असतो.

एका वेळी बर्फावर एका बाजूचे सहा जण. एक गोलकीपर, तीन पुढे जाणारे आणि आम्ही दोघं मागे थांबणारे, डावा आणि उजवा. मी डावा. समोरचा चकती घेऊन सुसाट येतो तेव्हा आमचं काम त्याच्याकडे तोंड करून मागे मागे जायचं, त्याच्याच वेगाने. फार जवळ गेलात तर तो बगल देऊन निसटतो, फार लांब राहिलात तर तिथूनच मारतो. ते अंतर सांभाळता सांभाळता त्याला हळूहळू कडेला न्यायचं, जिथून त्याला काही करता येणार नाही. माझं सगळं करिअर उलटं जाण्यात गेलं, हे मी विनोदाने म्हणत नाही.

माझा पहिला कोच सांगायचा, "चकतीकडे बघू नको. डोळ्यांकडेही बघू नको. छातीकडे बघ. चकती थाप मारते, डोळे थाप मारतात. छाती जिकडे जाईल तिकडेच माणूस जातो." मला मिळालेली ही एकमेव व्यावसायिक विद्या. मी ती संसारातही वापरून पाहिली. तिथे ती चालत नाही.

माझ्या आडनावाची एक वेगळीच भानगड होती. गोळे हे इंग्रजीत लिहिलं की स्टेडियममधला निवेदक वाचणार 'गोल'. गोल अडवण्यासाठी नेमलेल्या माणसाचं नावच गोल. सामन्याच्या सुरुवातीला नावं पुकारताना तो गर्जायचा, "नंबर फाइव्ह... गोल!" की उशिरा आलेले प्रेक्षक पॉपकॉर्न सांडत उभे राहायचे. परगावी तर मला पेनल्टी झाली की "पेनल्टी, गोल" असं ऐकून लोक एकमेकांना विचारायचे, नक्की काय झालं? माझ्या बाबतीत गोल हा शब्द उच्चारला गेला तो बहुतेक वेळा आडनाव म्हणूनच. बाबा दर फोनला विचारत, "काहून रे, एखादा गोल काहून नाही करत?" मी म्हणे, "बाबा, ते माझं काम नाही." मुलगा कामचुकार निघाला असं त्यांना वाटत असावं.

वरच्या लीगने एकदाच बोलावलं. त्यांचा एक डिफेन्समन जायबंदी झाला होता. जर्सीवर माझं नाव शिवलं. बाबा गाडी हाणत आले. मी बाकावर बसलो, पूर्ण सामना, टोपासकट. जायबंदी माणूस कण्हत कण्हत खेळत राहिला आणि मला कुणी उतरवलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी परत बसमध्ये. बाबा म्हणाले, "बसला छान होतास." त्यांना खरंच तसं वाटलं की माझी समजूत घालायची होती, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. राहून गेलं.

आता मुख्य प्रकरण.

तोवर आई-बाबा शिकागोजवळ शॉमबर्गला राहायला गेले होते आणि मी पेनसिल्व्हेनियात, कोळशाच्या खाणींच्या एका जुन्या गावातल्या टीममध्ये होतो. मंडळाच्या गणपतीत आईला नलूमावशी भेटल्या. लग्नं जुळवणं हा त्यांचा पूर्णवेळ छंद. त्यांनी विचारलं, "तुमचा श्रीकांत काय करतो हल्ली?" आईने प्रसादाची वाटी हातात धरून सांगितलं, "डिफेन्समध्ये आहे."

यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. मी डिफेन्समध्येच होतो. पण भारतात 'डिफेन्समध्ये आहे' या शब्दांना एक कडक इस्त्री असते, ती आईच्या लक्षात आली नाही. किंवा आली. मी पुढे छेडलं तेव्हा ती म्हणाली, "मी खरं तेच बोलले. तू काय ऑफेन्समध्ये आहेस?" नलूमावशींनी विचारलं, "कुठे असतो?" आई म्हणाली, "पेनसिल्व्हेनियात पोस्टिंग आहे." हा 'पोस्टिंग' शब्द मात्र तिने पदरचा घातला, हे ती आजवर कबूल करत नाही.

नलूमावशींची बहीण न्यू जर्सीत, पार्सिपनीला. तिचे यजमान दामलेकाका केमिकल इंजिनियर, मुलगी मेधा बँकेत. पार्सिपनी माझ्या गावापासून दोन तासांवर. ठरलं की आधी मुलाने एकट्याने जाऊन यावं. मला एवढंच सांगितलं गेलं की त्यांना तुझ्या कामाची कल्पना आहे आणि ते फार खूश आहेत. मी चकित झालो. तोवर माझ्या कामावर खूश झालेला मराठी माणूस मी पाहिलेला नव्हता.

गेलो. भुवईवर टाके होते, डाव्या हाताची बोटं सुजलेली, आणि पुढचे दोन दात कवळीचे. कोटात मी कसा दिसत असेन कोण जाणे. दामलेकाकांनी दार उघडलं आणि टाके पाहून माझा हात दोन्ही हातांत धरला.

दिवाणखान्यात एक फोटो होता, गणवेशातला. "माझे थोरले बंधू," काका म्हणाले. "कर्नल. आता पुण्यात असतात. मलाही जायचं होतं. सगळ्या परीक्षा पास झालो. मेडिकलला म्हणाले, पाय सपाट आहेत." ते जरा हसले. "सपाट पायांवर पृथ्वीवर कुठेही जाता येतं, फक्त तिथे जाता येत नाही." मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, सवय आहे. आम्ही सगळे सारखे गाड्यांतूनच फिरत असतो."

"कॉन्व्हॉय," काका काकूंना हळूच म्हणाले.

"आणि हे भुवईवर?"

"परवा एकाचं कोपर लागलं. रोजचंच आहे."

"हातघाई," काका म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून, "विचारू नये, पण साधारण काम कसं असतं?"

मला बरं वाटलं. "तसं सोपं आहे काका. समोरचा चाल करून आला की मागे मागे जायचं."

"माघार?"

"हो, पण त्याच्याकडे तोंड करून. मग एक निळी रेषा असते आमची. शक्यतो ती ओलांडूच द्यायची नाही."

"सीमा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आणि असता किती जण?"

"एका वेळी दोघं."

"फक्त दोघं?"

"दमलो की पाऊण मिनिटाने दुसरे दोघं येतात."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि समोरून शॉट आला तर?"

"मध्ये पडायचं. अंगावर घ्यायचा."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

"शक्यतो पायावर," मी त्यांना धीर दिला.

काका उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या घरच्यांना हे ठाऊक आहे?"

"आहे की. आई म्हणते दात तेवढे सांभाळ. मागच्या वर्षापर्यंत मी दुसरीकडे होतो. मग माझी अदलाबदल झाली. माझ्या बदल्यात या लोकांनी त्यांना दोघं दिले."

काका गर्रकन वळले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकाच्या बदल्यात दोघं. तेव्हा किंमत आहे तुझी. बास. आणखी काही सांगू नकोस. मी विचारायलाच नको होतं."

माझा धंदा इतका मन लावून ऐकून घेणारा गृहस्थ मी जन्मात पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले. पुढ्यात बुंदीचा कडक लाडू होता, तो कवळीला झेपणार नव्हता म्हणून मी तसाच ठेवला. "बघ," काका काकूंना म्हणाले, "शिस्त."

स्वयंपाकघरातून मघापासून भांडं पडल्याचे, खोकल्याचे आवाज येत होते. आता मेधा पोहे घेऊन आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मला वाटलं फोडणीचा ठसका. तिने बशी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "लेफ्ट ऑर राइट?"

"लेफ्ट," मी म्हणालो.

"आय थॉट सो," ती म्हणाली. काकूंना वाटलं, चमचा कुठल्या हाताने धरता हे विचारते आहे.

थोड्या वेळाने आम्हा दोघांना जरा फेरी मारून या म्हणून बाहेर पाठवलं. कडेला साचलेल्या बर्फातून चालताना ती म्हणाली, "यू नो ना, बाबांना वाटतंय तू आर्मीत आहेस?"

मी थांबलो. मग दिवाणखान्यातलं सगळं संभाषण माझ्या डोक्यात उलट दिशेने धावत गेलं. निळी रेषा. दोघं. पायावर शॉट. दोन टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल. "अरे देवा," मी म्हणालो. "मी पकडला गेलो होतो असं वाटलं त्यांना?"

"एकाच्या बदल्यात दोन प्रिझनर्स!" ती हसत हसत शेजाऱ्यांच्या पत्रपेटीला टेकली. तिची कॉलेजातली रूममेट हॉकीवेडी होती. निळी रेषा म्हटल्याबरोबर हिच्या सगळं लक्षात आलं होतं.

"मी आत्ता जाऊन सांगतो."

"थांब." ती आता हसत नव्हती. "बाबा किचनमध्ये येऊन आईला म्हणाले, होकार देऊन टाकू. याआधी त्यांनी तीन इंजिनियर नाकारलेत. कणा नाही म्हणाले त्यांच्यात. हॉकी खेळतो म्हटलं की तुलाही सरळ नाही म्हणतील."

"मग?"

"मला तू चालशील," ती म्हणाली, इतक्या सहज की ते ऐकू यायला मला एक घर ओलांडावं लागलं. "पण मला चुकीच्या माणसासाठी मिळालेला होकार नकोय. दे हॅव टु से येस टु यू. त्यांना खरं कळलं पाहिजे, आणि तरी हो म्हणाले पाहिजेत."

हे ऐकायला सोपं होतं. करायला गेलो तेव्हा कळलं की दामलेकाकांना खरं सांगणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट. मी फोन केला. "काका, माझ्या डिफेन्सबद्दल एक स्पष्ट सांगायचंय..." "फोनवर नको!" ते कुजबुजले आणि त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा केला. काकूंनी घेतला, म्हणाल्या, "ते म्हणतात त्यांना काही कळलेलं नाही, आणि कुणी विचारलं तर ते काही सांगणारही नाहीत." मेधाने नाश्त्याला समोर बसून सरळ सांगितलं, "बाबा, तो हॉकी प्लेयर आहे." काका म्हणाले, "खेळत असणारच. फिट ठेवतात त्यांना." "बाबा, तो तेवढंच करतो!" काकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "हेच सांगायचं सगळ्यांना. शाबास."

शेवटी ती म्हणाली, "मी त्यांना घेऊन येते. बघू देत."

रविवारची दुपारची मॅच होती. काका सूट-टाय घालून आले. प्रेक्षकांतलं पुढचं वर्णन मेधाकडून ऐकलेलं, कारण मी खाली बर्फावर होतो. त्यांच्या शेजारी आग्नेस नावाच्या आजी बसल्या होत्या. या आमच्या टीमच्या जुन्या गिऱ्हाईक, एकही सामना न चुकवणाऱ्या. खेळ आवडला नाही की पर्सने मैदानाभोवतीच्या काचेवर बडवत. मला म्हणत, "तू उलटा फार छान जातोस, पोरा. सरळ जाऊ नकोस, बघवत नाही."

आधी राष्ट्रगीत झालं. झेंडा, शिस्तीत उभ्या रांगा, शिरस्त्राणं. काका ताठ उभे होते. मेधाच्या कानात म्हणाले, "रेजिमेंटची टीम दिसते." मग निवेदक गर्जला, "नंबर फाइव्ह... गोल!" काका टाळ्या वाजवायला लागले. "केला? सुरू होण्याआधीच?" आग्नेसआजी म्हणाल्या, "नो हनी, ते त्याचं नुसतं नाव आहे."

पहिल्या भागात मी माझ्या धंद्याची एकुलती एक विद्या विसरलो. समोरून येणाऱ्याच्या छातीऐवजी मी प्रेक्षकांतल्या एका टायकडे बघत होतो. समोरचा मला बगल देऊन निघून गेला. गोल. आडनाव नव्हे, खरा, आमच्यावर. मग दुसऱ्याच्या पायात मी काठी घातली आणि शिक्षा म्हणून मला दोन मिनिटं काचेच्या खोक्यात बसवलं. वर काका संतापले. "त्याला का कोंडलंय?" मेधा म्हणाली, "त्याने ट्रिप केलं त्या माणसाला." "मग बरोबरच केलं की! शत्रूला काय हात धरून आत आणायचं?" आग्नेसआजींना भाषा कळली नाही, पण आशय पटला. दोघांनी मिळून काच बडवली, त्यांनी पर्सने, काकांनी मुठीने.

शेवटी आम्ही एका गोलने पुढे होतो आणि घड्याळात फार थोडा वेळ राहिला होता. समोरच्यांनी आपला गोलकीपरही काढून एक जादा माणूस चालीत घातला. चकती त्यांच्या सगळ्यात जोरात मारणाऱ्याकडे गेली. मी आडवा पडलो. यात शौर्य नसतं. इतक्यांदा केलेलं असतं की शरीर डोक्याला न विचारता पडतं. चकती घोट्यावर बसली. उठायला गेलो तर पाय माझा नव्हता. चकती परत त्याच माणसाकडे. मग मी ढोपरांवर रांगत, ज्याला इंग्रजीतही काही भारदस्त शब्द नाही, तसा रांगत पुन्हा मध्ये गेलो. दुसराही त्याच घोट्यावर. भोंगा वाजला. जिंकलो. निवेदकाने गोलकीपरचं नाव पुकारलं. ते असंच असतं. आमचं काम नीट झालं की ते झालं हे कुणाला कळत नाही.

सामन्यानंतर मी कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर, पाय बर्फाच्या बादलीत, कवळी खिशात, असा बसलो होतो. मेधा काकांना घेऊन आली. माझ्याआधी आमच्या कोचने त्यांना गाठलं. म्हातारा कॅनडाचा, बोलणं कमी. काकांचा हात हातात घेऊन म्हणाला, "युअर बॉय इज अ स्टे-ॲट-होम, सर. द बेस्ट आय हॅव."

काकांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "घरी बसून असतोस म्हणतोय हा?"

दात नसताना खुलासा करणं अवघड, पण केला. डिफेन्समन दोन जातींचे. एक, संधी मिळाली की पुढे धावून गोल करायला जाणारे. त्यांचं नाव होतं, फोटो येतात. दुसरे, काही झालं तरी आपल्या गोलसमोरून न हलणारे. त्यांना म्हणतात स्टे-ॲट-होम.

"म्हणजे घरकोंबडा," काका म्हणाले.

"हो."

"आणि आर्मी?"

"नाही काका."

"म्हणजे सोडलीस?"

"कधीच नव्हती. हेच डिफेन्स."

मेधा भिंतीकडे बघत होती. मी, शिकवल्याप्रमाणे, काकांच्या छातीकडे पाहिलं. माणूस कुठल्या बाजूला जाणार ते कळावं म्हणून. टाय सरळ लोंबत होता. कोचने टायचं काही शिकवलेलं नव्हतं.

काका खाली वाकले. मला वाटलं, चक्कर आली. ते बादलीत बघत होते. घोटा वांग्याच्या रंगाचा झाला होता, पण ते घोट्याकडे बघत नव्हते.

"हा पाय सपाट आहे," ते म्हणाले.

"हो. दोन्ही. लहानपणापासून."

"आणि तरी यांनी घेतलं तुला?"

"बुटात दिसत नाही," मी म्हणालो. "आणि उलटं जायला चालतो."

काका सावकाश उठले. टाय नीट केला. "मेधा, चल. अंधार पडायच्या आत पोचलं पाहिजे." आणि निघून गेले. ना हो, ना नाही. मेधाने कॉरिडॉरच्या टोकाला वळून खांदे उडवले. मीही उडवले. आमच्या दोघांच्या आयुष्याचा निकाल पार्सिपनीच्या रस्त्यावर ताशी पन्नास मैलांनी चालला होता, आणि गाडीत, मेधाने नंतर सांगितलं, काका एकच वाक्य बोलले. "त्या बाईंची पर्स मजबूत होती."

पुढचे काही दिवस मी रोज फोनजवळ लंगडत होतो. मग एके दिवशी आईचा फोन. "होकार आला! काय केलंस रे तू?"

"काही नाही गं. आडवा पडलो होतो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? आराम करत जा."

काकांनी हो का म्हटलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मेधाला विचारलं तर म्हणाली, "आय हॅव नो आयडिया." काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तू तो लाडू शेवटी खाल्लाच नाहीस." आणि काकांना विचारायची माझी छाती झाली नाही. मला तर अशीही शंका येत असे की त्यांना अजूनही काही कळलेलं नाही. हॉकी हा त्यांच्या मते अजून बनाव आहे आणि खरं काम मी बसमधून उतरून कुठेतरी करतो.

लग्नानंतर एडिसनला रिसेप्शन झालं. कर्नल भाऊकाका पुण्याहून आले होते. मिशा, ब्लेझर, पाठ अशी की तिच्यावर रांगोळी काढावी. जेवणाच्या रांगेत त्यांनी मला पकडलं. नलूमावशींची बातमी समुद्रापारही पोचली होती.

"जावईबापू, डिफेन्समध्ये आहात म्हणे. कुठे?"

माझ्या ताटात जिलबी, तोंडात नवी कवळी, आणि मागे शंभर माणसं. मी तोंड उघडलं. पण माझ्या बाजूने आवाज आला.

"लेफ्ट," दामलेकाका म्हणाले.

"लेफ्ट?" भाऊकाका म्हणाले. "म्हणजे सोडली? इतक्या लवकर?"

"सोडली नाही, भाऊ. डावीकडे असतो." काकांनी माझ्या ताटात आणखी एक जिलबी घातली, मऊ बघून. "दोघंच असतात. चाल करून आला कुणी की हा मागे मागे जातो. पण पाठ दाखवत नाही."

कर्नलसाहेबांनी माझ्या भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, मग धाकट्या भावाच्या बुटांकडे.

"हं," ते म्हणाले. "घेतात का हल्ली, पाय सपाट असले तरी?"

"याच्या रेजिमेंटमध्ये घेतात," काका म्हणाले आणि रांगेत पुढे सरकले.